उशिराचा दुखवटा

आफ्रिकेहून येताना बोटीवर माझ्या डोक्यात गळवं झाली. मलम नीट लागावं म्हणून बोटीवरच्या डॉक्टरने सगळं डोकं तासायला लावलं, आणि एक फोड ओठावर होता तेव्हा त्याबरोबर मिशीही गेली. मुंबईच्या धक्क्यावर मी उतरलो तो असा, दुधीभोपळ्यासारखा. परदेशातून आलेल्या माणसाला आपण कसे दिसतो याची फार काळजी असते, पण ती कोट-टायपुरती. तासलेल्या डोक्याचा कोणी काही अर्थ लावील हे माझ्या मनात आलं नाही.

आम्ही तिघं होतो. आई, बायको आणि मी. आई पंधराव्या वर्षी लग्न होऊन कोकणातल्या एका गावातून थेट आफ्रिकेत गेली होती. वडील तिकडच्या रेल्वेत होते. माझा आणि बायकोचा जन्म तिकडचाच. वडील गेले त्याला पाच वर्षं होऊन गेली होती, आणि त्यानंतर आईने एकच धोशा लावला होता, आपल्याकडे जाऊ. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आपल्याकडे पाणी गोड. आपल्याकडे शेजारी विचारल्याशिवाय आत येतात. आपल्याकडे माणसाला एकटं पडू देत नाहीत. या 'आपल्याकडे'चा नकाशा मला शाळेच्या कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. शेवटी आम्ही निघालो आणि मुलुंडला आलो. कोकणातलं खेडं सोडून गेलेली बाई मुलुंडला येते तेव्हा ती परत कशी येते, हे मी आईला विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर परत आल्याचं समाधान होतं, आणि भूगोल शिकवण्याची ती वेळ नव्हती.

घाटकोपरच्या एका शाळेत मला मास्तरकी मिळाली होती. शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडणार, तोवर सुट्टीत घर मांडून घ्यायचं, असा बेत होता. पण घर मांडायला घरात काही असावं लागतं. आमच्या पेट्या गोदीत कस्टमवाल्यांच्या ताब्यात अडकल्या होत्या आणि कस्टमवाल्यांनाही दिवाळी होती. सरकारी दुधाच्या बाटलीला कार्ड हवं होतं, आणि कार्ड देणाऱ्या कचेरीच्या दाराला कुलूप होतं. हातात दोन वळकट्या, एक स्टोव्ह आणि चार भांडी. बायको बाजारात जाऊन सुफुरिया मागून आली. तिकडे पातेल्याला सगळेच तसं म्हणतात. वाण्याने तिला सुपारीची पुडी बांधून दिली आणि तिनेही ती मुकाट्याने घेतली. तिच्या लेखी मुंबई हे बोट बदलायचं ठिकाण होतं. इथे उतरून राहायचं असतं हे तिला अजून पटायचं होतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सगळी चाळ तुपा-तेलाच्या वासाने भरून गेली. आमचा स्टोव्ह चहापुरता पेटत होता. याला पेट्यांखेरीज आणखी एक कारण होतं, आणि ते इथे कोणाला सांगून पटलं नसतं. तिकडे दिवाळीला रेल्वेच्या पासावर आम्ही सगळे नैरोबीला जमत असू आणि मराठी बायका एका हॉलमध्ये मिळून फराळ करत. कामं वाटलेली असत, आणि एकदा मिळालेलं काम मरेपर्यंत बदलत नसे. आईकडे चिवड्याचे दाणे तळणं. बायकोकडे, ती परकरी होती तेव्हापासून, करंज्यांना मुरड घालणं. सारण कोण करतं, पाक कसा पाहतात, ती खाती इतरांची. आता एक आजन्म दाणे तळणारी आणि एक आजन्म मुरड घालणारी अशा दोघी एका स्टोव्हपुढे उभ्या राहिल्या, तर त्यातून दिवाळी होत नाही. दोघींनी थोडा वेळ एकमेकींकडे पाहिलं आणि यंदा राहू दे असं ठरवलं. आकाशकंदील तर पेटीत होताच. पेटीत असताना नवा कशाला आणायचा, असं आई म्हणाली. म्हणून चाळीत सगळ्या दारांवर कंदील लागले आणि एक दार काळोखात राहिलं.

धनत्रयोदशीला समोरच्या बिऱ्हाडातली बाई आली. चाळिशीची, कोकणातलीच, नवरा भांडुपच्या कारखान्यात. हातात झाकलेली ताटली होती. ती दारात थांबली नाही, सरळ आत येऊन ताटली आईजवळ ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, एवढं असू द्या. आणि ताटलीची घाई करू नका. तशीच रिकामी दिलीत तरी चालेल." मग ती आईजवळ जमिनीवर बसली आणि काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने आईचा हात हातात घेऊन उठली.

बायको चकित झाली. बेसनाचे लाडू, करंज्या, चकल्या, आणि बदल्यात काही नको. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून दोन ताटल्या आल्या, तळमजल्यावरून एक. ताटली आणणारी प्रत्येक बाई हलक्या पावलांनी येई, थोडी बसे, आणि डोळ्यांना पदर लावून जाई. दुपारची जेवणं आवरली की समोरची बाई आणखी दोघी-तिघींना घेऊन येऊ लागली. आई वडिलांविषयी सांगायची. त्यांना चहा कसा लागायचा, गाडी वेळेवर आली तरी घड्याळाकडे संशयाने कसे पाहायचे, शेवटच्या सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता कसे खाली बसले ते बसलेच. बायका ऐकत, हुंकार देत, आणि आई रडली की त्याही रडत. मी बाहेरच्या खोलीत शाळेची पुस्तकं चाळत बसलेला असे. मला मनातून आईचा हेवा वाटला. तिचं 'आपल्याकडे' खरं निघालं होतं.

जिन्याखाली पोरं फटाके लावत नव्हती एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, मुलुंडची पोरं शिस्तीची असतील.

खुलासा केला तो चाळीच्या सेक्रेटरींनी. हे एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. डोक्यावर काळी टोपी, लांब कोट, कोटाला घड्याळाची साखळी, आणि घशात कायमचं एक भाषण. मुंबई कोणाची यावर तेव्हा नाक्यानाक्यावर सभा होत. अशा सभा ऐकून ज्यांचं वक्तृत्व पिकलं पण ज्यांना व्यासपीठ मिळालं नाही, त्यांतले हे एक. पाडव्याच्या सकाळी ते मला जिन्यात भेटले, माझ्या डोक्याकडे एकदा पाहिलं, नजर खाली घातली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांच्या बोलण्यातून मला हळूहळू कळलं ते असं. परदेशातून अचानक, सामानसुमानाशिवाय आलेलं कुटुंब. कपाळ मोकळं असलेली आई. मुलाचं डोकं आणि मिशी काढलेली. दारावर कंदील नाही, घरात तळण नाही. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही, शेजारीपाजारी फराळ आणून देतात, आणि कोण, केव्हा, कसं हे विचारायचं नसतं. कोणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळी चाळ आमच्या दुखवट्यात दिवाळीभर जपून चालत होती, आणि दुखवटा आहे हे फक्त आम्हांला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो की यात थोडा घोटाळा झालाय, वडिलांना जाऊन खरं तर बरीच वर्षं...

"बरीच वर्षं परदेशात काढली त्यांनी, हो," सेक्रेटरी म्हणाले. "ते घेतलंय मी भाषणात."

भाषण कसलं, असं मी विचारलं. भाऊबीजेनंतरच्या रविवारी चाळीचं दीपावली स्नेहसंमेलन होतं. मंडप ठरला होता, माइक ठरला होता, पेटी वाजवणारे ठाण्याहून यायचे होते. या परिस्थितीत पूर्वार्धात शोकसभा घ्यावी आणि उत्तरार्धात स्नेहसंमेलन, असा ठराव कमिटीने एकमताने केला होता. हार दोन्हींना एकच पुरेल, असंही ते म्हणाले. त्यांना वडिलांचा एक फोटो हवा होता. फोटो गोदीत आहे असं मी सांगितल्यावर ते विचारात पडले, पण हताश झाले नाहीत. हताश होणं हे माझं खातं होतं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिने हातातली करंजी ताटलीत परत ठेवली. मग म्हणाली, "अहो, आत्ताच्या आत्ता जा आणि समोर सांगून या. नाहीतर संक्रांतीला मला कोणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत आपल्या दारात कोणी हसायचंही नाही. मी इथे वर्षभर न मेलेल्या माणसासाठी तोंड पाडून बसू की काय?" मेलेल्याच माणसासाठी, पण उशिरा, अशी दुरुस्ती मला सुचली होती. ती मी केली नाही.

मी आईकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशीच कळलं. दुखवट्याला बसायची रीत मी विसरले नाहीये रे."

"मग सांगितलं का नाहीस?"

वडील गेले ते नैरोबीत नव्हे, आत दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका लहान स्टेशनावर. तिथे मराठी घर आमचं एकच. चार गुजराती दुकानदार आणि एक शीख फिटर. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्या दुकानदारांच्या बायका आल्या होत्या, माणुसकीला कमी पडल्या नव्हत्या. रेल्वेचा आफ्रिकन पॉइंट्समन रोज दारात येऊन टोपी काढून 'पोले' म्हणून जायचा. त्या भाषेत दुःखात असलेल्या माणसाला म्हणायचा हा एक शब्द आहे. आपल्याकडे असा शब्द नाही. आपल्याकडे माणसं येऊन बसतात.

"त्या बायका त्यांच्या भाषेत रडल्या," आई म्हणाली. "मला काही तसं रडता येईना. मग राहूनच गेलं. आता या येतात, बसतात. मी सांगते ते त्यांना कळतं. तू नको सांगूस. सांगितलंस की नाही यायच्या."

बायकोने ती करंजी उचलली आणि अर्धी मला दिली. आम्ही दोघं खात उभे राहिलो. आईची बाजू घ्यावी तर बायकोचं वर्ष जातं, बायकोची घ्यावी तर आईच्या दुपारी जातात. असल्या पेचात शहाणी माणसं करतात तेच मी केलं, म्हणजे काहीच केलं नाही, आणि रविवार येऊ दिला.

रविवारी सकाळी अंगणात मंडप लागला. पुढे हातांच्या खुर्च्या, मागे बिनहातांच्या, त्यामागे सतरंजी. टेबलावर पेला आणि पेल्यावर बशी. वडिलांच्या फोटोचा प्रश्न सेक्रेटरींनी सोडवला होता. कुठल्याशा शाळेतून आफ्रिकेचा मोठा नकाशा आणून तो त्यांनी खुर्चीवर टेकवून उभा केला होता आणि त्याला हार घातला होता. एक अख्खं खंडच वारल्यासारखं दिसत होतं. पेटीवाले आधीच येऊन बसले होते आणि सुरांवर बोटं न टेकण्याचा प्रयत्न करत होते.

आई बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती. तिने धुवट पांढरं लुगडं नेसलं होतं. समोरची बाई तिच्या डाव्या बाजूला, हात तिच्या हातावर. इतकी ताठ बसलेली आई मी तिकडे कधी पाहिली नव्हती. तिकडे ती कायम कोणाच्या तरी हॉलमध्ये पाहुणी असायची.

सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. माझे वडील सहायक स्टेशनमास्तर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्यांची वाट पाहिली आणि त्या गेल्या की तशी नोंद केली. समारंभात भाषण सुरू झालं की ते सिग्नल बघून येतो म्हणून उठत आणि परत येत नसत. सेक्रेटरींनी त्यांना प्रथम अभियंता केलं. मग त्यांच्याकडून जंगल साफ करवलं, समुद्रापासून सरोवरापर्यंत रूळ टाकवले, आणि दोन वाक्यांनी त्यांना एका सिंहासमोर उभं केलं. सिंह मागे फिरला. मायभूमीच्या ओढीने परतीची बोट पाहत असतानाच, नुकताच, अगदी नुकताच काळाने त्यांच्यावर घाला घातला, असं म्हणून त्यांनी पेल्यावरची बशी काढली आणि पाणी प्याले. मग चिरंजीवांनी दोन शब्द बोलावेत असं सांगितलं.

मी माइकपर्यंत गेलो तेव्हा आभार मानून खाली बसायचं एवढंच मनात होतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, खरोखर तसंच होतं. पण माझ्या एका बाजूला तो हार घातलेला नकाशा होता, आणि वडिलांना सिंहासमोर उभं करणं मला सहन झालं नव्हतं. ते मांजरालाही वाट देत. मी म्हणालो की माझ्या वडिलांनी एकही रूळ टाकला नाही. ते स्टेशनात बसत. त्यांनी सिंह एकदाच पाहिला, गाडीच्या खिडकीतून, आणि तोही झोपलेला होता. इथवर बोलून थांबता आलं असतं. पण माणूस एकदा खरं बोलू लागला की त्याचा तोल जातो. आणि त्यांना जाऊन पाच वर्षं झाली आहेत, असं मी म्हणालो.

हातांच्या खुर्च्यांतली शांतता गंभीर होती, त्यात काही बदल झाला नाही. सेक्रेटरी उठले, माइक हातात घेतला आणि ओल्या आवाजात म्हणाले की पाच वर्षं काय, पन्नास वर्षं लोटली तरी पित्याच्या मृत्यूची जखम ताजीच, चिरंजीवांनी किती मार्मिकपणे सांगितलं. पुरुषांनी माना हलवल्या. मी जे सांगितलं होतं ते सर्वांदेखत अलंकार म्हणून जमा झालं. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं तोवर सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले होते, आणि स्तब्धता संपताच पेटीवाल्यांनी सूर धरला.

पण बायका भाषणं ऐकत नव्हत्या, माणसं ऐकत होत्या. त्यांना पाच म्हणजे पाच कळलं. समोरच्या बाईने आईच्या हातावरचा आपला हात उचलला. ओढून घेतला नाही, नुसता उचलला, पदर सारखा करायला उचलावा तसा. परत ठेवला नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी जेवणं झाली, भांडी झाली. बायकोने आतल्या खोलीतली जागा झाडून घेतली, न सांगता. आई भिंतीला टेकून बसली. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी हसण्याचा आवाज आला, आणि जिन्याखाली त्या दिवाळीतला पहिला फटाका वाजला. मग बरेच वाजले. मला समोर जाऊन काहीतरी म्हणावंसं वाटत होतं, पण काय म्हणणार? आमचं माणूस खरंच गेलंय, फक्त आधी गेलंय, तेव्हा कृपा करून येऊन बसा? मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. आई म्हणाली, "बस रे. येरझाऱ्या घालून कोणी येत नाही."

चहाची वेळ टळून गेल्यावर समोरची बाई आली. दारातच उभी राहिली.

"माझी ताटली न्यायला आले," ती म्हणाली.

बायकोने ताटली पुसून दिली. ती घेऊनही बाई गेली नाही. आईकडे पाहत म्हणाली, "काकू, आधी सांगायचं नाही का हो? माझ्या पोरांना मी दिवाळीभर कारखान्यामागच्या मैदानात हाकललं फटाक्यांना. मी माझी सासू गेली तेव्हा रडले नाही एवढी तुमच्याजवळ रडले. आता चाळ हसतेय मला."

आईने मान वर केली. "सांगितलं असतं तर आली असतीस?"

बाई विचार करत राहिली. खोटं बोलावं असं तिला वाटलं नसावं. कोकणातली माणसं तोंडदेखलं बोलत नाहीत, हा त्यांचा दोषही आहे.

"बसायला नसते आले," ती म्हणाली. "मला घरात कामं नाहीत काय?"

"नाहीच आली असतीस," आई म्हणाली. "माहीत होतं मला."

मला वाटलं आता ती जाणार. ताटली तिने काखेत धरली होती आणि पाऊलही वळवलं होतं. मग ती वैतागल्यासारखी आत आली आणि आईपासून हातभर अंतरावर बसली. दुखवट्याला बसतात तशी नव्हे. पाठ भिंतीला, पाय पसरून, दमलेली बाई घरी बसते तशी. हळू आवाजात बोलायचं आता कारण उरलं नव्हतं, म्हणून ती तिच्या नेहमीच्या आवाजात बोलू लागली, आणि तिचा नेहमीचा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला. तिची सासू कशी होती ते तिने सांगायला घेतलं. सासूने तिला बारा वर्षं कसं पाण्यात पाहिलं, आणि ती मेली तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नाही म्हणून नवरा अजून कसं बोलून दाखवतो.

आई ऐकत होती. तिला आपलं काही सांगायचं असावं, दोनदा तिने तोंड उघडलं, पण बाई थांबली नाही. वडिलांचं नाव त्या संध्याकाळी निघालं नाही, आणि पुढे त्या घरात बायका आल्या तेव्हाही क्वचितच निघालं. बायकोने स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. मी बाहेर गॅलरीत आलो तर खाली सेक्रेटरी नकाशाची गुंडाळी करत होते. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि तुमचं पाच वर्षांचं वाक्य फार परिणामकारक झालं असं ओरडून सांगितलं. मी मान हलवली. आतून त्या बाईचा आवाज येतच होता, आणि मध्ये मध्ये आईचा हुंकार.